शिजलेले हाड

कुत्र्याचा दवाखाना त्याच्या शेपटीखाली असतो, असे आमचे घरमालक म्हणत असत. ते हे विधान केवळ करीत नसत, त्याप्रमाणे वागत. रोज सकाळी साडेसहाला, हातात बारीक काठी घेऊन, ते गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत जात आणि आपल्या चार कुत्र्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंचे वाकून निरीक्षण करीत. रंग, घट्टपणा, वास आणि त्यांवर बसणाऱ्या माश्या, एवढ्या कसोट्यांवर निदान होई. परत आले की जिन्याच्या तळाशी उभे राहून निकाल मला ऐकवीत. मी वरच्या खोलीतली भाडेकरीण. त्या वेळी माझा शाळेचा डबा भरणे चाललेले असे.

"काळ्या करीचं पोट सुटलंय, बाई. कुणीतरी बिस्किट चारलंय तिला. बिस्किट म्हंजे कुत्र्याची तंबाखू हो."

ते कुणी चारले, याचा शोध संध्याकाळपर्यंत लागे, आणि मग त्या घरासमोर उभे राहून अप्पा साऱ्या राजारामपुरीला ऐकू जाईल अशा आवाजात आहारशास्त्र शिकवीत.

गल्ली त्यांना अप्पा म्हणे आणि त्यांच्या पत्नीला अव्वा. मीही तेच म्हणू लागले.

त्यांच्याकडे मी राहायला गेले ते नाइलाजाने. नव्या नोकरीसाठी कोल्हापुरात आले होते आणि खोली मिळत नव्हती. आधीच्या तीन घरांत मला आडनाव विचारले गेले, आणि ते ऐकल्यावर तिन्ही घरांना आपापला भाचा पुढच्याच महिन्यात राहायला येणार असल्याचे आठवले. अप्पांनी आडनाव विचारले नाही. फाटकापाशी चार कुत्री माझ्याकडे पाहत उभी होती आणि माझे गुडघे थरथरत होते. अप्पांनी आधी गुडघ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"कुत्र्यास्नी भिता?"

मी हो म्हणाले.

"खरं बोलला. ऱ्हावा."

माझे भय जुने होते. आठ वर्षांची असताना शाळेच्या वाटेवर एका कुत्र्याने माझा परकर दातांत धरला होता. चावला नव्हता. त्याने फक्त धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. अंगाला दात लागले असते तर जखम भरली असती आणि मी ती विसरले असते. न झालेली जखम मात्र भरत नाही, असे माझे निरीक्षण आहे. फाटकापासून जिन्यापर्यंत सतरा पावले होती. पहिले दोन महिने मी ती रोज मोजून, श्वास रोखून चालले.

अप्पा लिंगायत. मूळचे गडहिंग्लजच्याही पलीकडचे, घरात बोलणे निम्मे कानडी. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि जन्मात अंड्यालाही हात न लावलेला हा मनुष्य एक दिवसाआड, झाकणाचा ॲल्युमिनियमचा डबा घेऊन मटणाच्या दुकानात जाई. बकऱ्याची वजडी, कच्ची हाडे आणि फुप्फुसाचे तुकडे घेऊन येई. वजडी फार धुऊ द्यायची नाही, असा त्यांचा दंडक होता. बकऱ्याने खाल्लेला पाला जो आत राहतो तेच कुत्र्याचे औषध, धुतले की औषध गटारात गेले. दुकानदार थट्टेने म्हणे, अप्पा, एकदा चव तरी बघा की. अप्पांचे उत्तर ठरलेले होते: माझा धर्म मला, त्याचा त्याला, वाघाला काय मी भाकरी वाढू?

तो डबा घरात येत नसे. तो कंपाउंडच्या भिंतीला बाहेरून ठोकलेल्या खिळ्याला टांगलेला असे. अव्वा त्या बाजूने जातानाही पदर सावरून जात. त्या डब्याला त्यांनी उभ्या संसारात बोट लावले नव्हते. मांस कापून झाले की अप्पा बाहेरच्या नळाखाली अंघोळ करीत, पुन्हा विभूती लावीत, आणि मगच आत जाऊन आपली भाकरी खात.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत त्यांनी उमेदीची वर्षे साचे घालण्यात घालवली होती. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, आणि गोळा कसा फुटतो त्यावरून ओल बरोबर आहे की नाही ते सांगायचे, हे त्यांचे कसब. त्याच बोटांनी ते कुत्र्याच्या मानेवरचे कातडे चिमटीत धरून सोडीत. कातडे लगेच जागेवर बसले तर अंगात पाणी पुरेसे आहे. सावकाश बसले तर ताक पाजा. कुत्र्यांची ही विद्या त्यांनी लहानपणी धनगरांच्या तळावर उचलली होती. धनगरांच्या कुत्र्यांना कुणी इंजेक्शने टोचली, असा त्यांचा सवाल असे. रोज सकाळी नाचणीची आंबील, बिनमिठाची. गोचिडांना करंजाचे तेल. अंगणाच्या कोपऱ्यात हराळी गवताचा एक वाफा होता आणि त्यात पाय ठेवण्याची माणसांना बंदी होती; पोट बिघडले की कुत्री तिथे जाऊन हराळी खात, ओकत आणि बरी होत. सोमवारी अप्पांचा उपास, म्हणून कुत्र्यांचाही. पोटाला आठवड्यातून एक सुट्टी पाहिजे, ते म्हणत.

पण सर्वांत कडक नियम हाडाचा होता. कच्चे हाड कुत्र्याला दात घासायला दिलेले असते. शिजलेले हाड म्हणजे सुरी. शिजले की ते ठिसूळ होते, उभे चिरते, घशात अडकते. हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. कोल्हापुरात रविवारी घराघरांतून रश्श्याचा वास येतो आणि दुपारी ताटांतली हाडे प्रेमाने कुत्र्यांपुढे टाकली जातात. त्यामुळे रविवारी दुपारी अप्पा गल्लीतून फेरी घालीत आणि दारोदार बजावीत, "हाडं उकिरड्यात टाका, पावणं. माझ्या कुत्र्यांवर माया नगं."

मी शास्त्र शिकवीत असे. लस म्हणजे काय, हे मी मुलांना दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावले आहे. तरीही गल्लीत कुत्र्यांना मोफत लस टोचणारी गाडी आली, तेव्हा अप्पांनी आपली चारही कुत्री मागच्या खोलीत कोंडली आणि मी वरून पाहत राहिले. "वाळू नीट असली की ओतीव माल फुटत न्हाय," ते त्या माणसांना म्हणाले. मी काही बोलायला हवे होते. मी भाडेकरू होते, ते वडिलांच्या वयाचे होते, आणि कुत्र्यांची अंगे तर आरशासारखी चकचकत होती. त्या चकाकीने माझीही समजूत घातली, हे मला कबूल केले पाहिजे.

माझे भय त्यांनी आपल्या पद्धतीने उपचारास घेतले होते. भ्या, पण पळू नका, हा पहिला धडा. डोळ्यांत बघू नका, हा दुसरा. तिसऱ्या महिन्यात त्यांनी आंबिलीचे पातेले माझ्या हातात दिले. चौघांत केंपी नावाची तांबडी कुत्री सर्वांत सौम्य होती. कानडीत केंपु म्हणजे तांबडा. ती पातेल्याकडे येताना इतकी हळू येई, जणू माझ्या भीतीची तिला कल्पना होती. वर्षभराने मी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले. गावी आईला पत्रात मी हे लिहिले, तेव्हा तिला ते खरे वाटले नाही.

आता त्या मंगळवाराकडे यायला हवे.

जानेवारी होता. थंडीने आणि खडूने माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. सकाळी जिन्याखालून अप्पांची हाक आली. केंपी हराळीच्या वाफ्याशी उभी होती. तिचा खालचा जबडा लोंबत होता, तोंड मिटत नव्हते, आणि लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती. ती पंजाने तोंडाकडे खाजवल्यासारखे करी आणि थांबे. आवाज काढू पाही, तर घोगरा, अर्धवट काहीतरी निघे.

अप्पांचा संताप अनावर झाला होता. परवा रविवार होता, कुणीतरी शिजलेले हाड टाकले, ते अडकले, काल सोमवार, उपासाचा दिवस, त्यामुळे ती खात नाही हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. हा सारा युक्तिवाद त्यांनी एका दमात सांगितला आणि मला त्यात एकही चूक दिसली नाही. आजही एकेक पायरी तपासली तर चूक सापडत नाही. चूक फक्त निष्कर्षात होती.

"बाई, फडकं घ्या. खालचा जबडा धरा. मला जवळचं दिसत न्हाय, पण बोटाला कळतंय."

मी धरला. एका कुत्र्याचे तोंड मी माझ्या दोन हातांत धरले होते, आणि ती चावत नव्हती, गुरगुरतही नव्हती. फडके लाळेने भिजून माझ्या बोटांना चिकटले. अप्पांनी मनगटापर्यंत हात आत घातला. जिभेखाली पाहिले, टाळूला पाहिले, घशाच्या तोंडापर्यंत बोट नेले. दोनदा. तिचा दात त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी खरचटला. हाड सापडले नाही. खाली गेले असेल, एरंडेल घालू, असे ते म्हणाले. मी हात धुतले आणि शाळेत गेले. मला आठवते, चालताना मला अभिमान वाटत होता. ज्या सकाळी मी कुत्र्याला भिणे सोडले, ती नेमकी भिण्याची सकाळ होती.

तिसरा तास मोकळा होता. आठवीला रोगांचा धडा सुरू करायचा होता, म्हणून शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटातून एक जुने संदर्भपुस्तक काढले. पिसाळलेल्या कुत्र्याविषयी पाठ्यपुस्तकात जे असते ते मला पाठ होते: धावतो, दिसेल त्याला चावतो, पाण्याला भितो. या पुस्तकात आणखी अर्धे पान होते. रोगाचा एक मुका प्रकारही असतो. त्यात कुत्रे शांत राहते. जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, तोंड उघडे राहते, लाळ गळते. आणि घशात हाड अडकले असावे असे समजून माणसे त्याच्या तोंडात हात घालतात.

मी ते वाक्य पुन्हा वाचले. मग माझ्या बोटांकडे पाहिले. भेगा पांढऱ्या होत्या, खडूने भरलेल्या. दोन भेगांच्या तळाशी तांबडे होते.

मुख्याध्यापकांना प्रकृतीचे कारण सांगून मी घरी आले. धावत आले असे म्हणणे अधिक खरे होईल. केंपी बांधलेली होती. अप्पांच्या हातात एरंडेलाची वाटी होती. मी त्यांच्या आणि तिच्या मधे उभी राहिले. त्या घरात मी प्रथमच आवाज चढवला. हात लावू नका, म्हणाले. पुस्तकात वाचलेले सर्व सांगितले.

अप्पांनी ऐकून घेतले. मग वाटी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "ते रस्त्यावरच्या कुत्र्याला हुतंय, बाई. उकिरडा खाणाऱ्याला. ही माझ्या आंबिलीवर वाढल्याली हाय."

"अप्पा, हाड सापडलं का तुम्हाला?"

त्यांनी वाटी पायाने बाजूला सारली.

"तुमच्या बोटाला कळतं ना? मग बोटानं काय सांगितलं?"

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले. अंगठ्याच्या मुळाशी लाल रेघ होती. तिच्यावर त्यांनी कडुलिंबाचा पाला वाटून लावला होता. "घरात जावा तुम्ही," एवढेच ते म्हणाले.

त्या दुपारी मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारले, साबणाने धुतले का, किती वेळ. मला किती वेळ ते सांगता येईना. आयुष्यभर वेळ मोजून वागलेल्या मला तेवढीच मिनिटे मोजायची सुचली नव्हती. तेव्हा ती इंजेक्शने पोटात देत, रोज एक, चौदा दिवस. पहिले घेतल्यावर मी बाकावर बसून राहिले. भिंतीशी पिण्याच्या पाण्याचा माठ होता. मी उठून पेला भरला आणि ओठांशी नेला, आणि घसा मिटतो की काय या भीतीने तसाच खाली ठेवला. इतक्या लवकर काही होत नसते, हे मला ठाऊक होते. ठाऊक असण्याचा उपयोग होत नव्हता.

अप्पा मात्र आले नाहीत. बुधवारी आले नाहीत, गुरुवारी आले नाहीत. केंपीपासून लांब स्टूल टाकून ते बसून असत. ती पाण्याच्या भांड्यात तोंड बुडवी, पाणी घेऊ पाही, आणि सारे पाणी लोंबत्या जबड्यातून खाली सांडे. तिला तहान होती. ते पाहवत नसे. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन दुरूनच पाहून गेले, आणि अप्पांना म्हणाले की आजच्या आज स्वतःचे बघा. अप्पांनी मान हलवली, तीही कोणत्या दिशेला ते कळले नाही. सुई टोचून घेणे म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगले. केंपीला तो रोग झाला, हे आधी मान्य करायचे. मग आंबील, वजडी, हराळी, उपास, इतक्या वर्षांची वाळू ओली होती हे मान्य करायचे. मृत्यूपेक्षा ते त्यांना जड जात होते.

शुक्रवारी सकाळी केंपी मेली. पालिकेची माणसे तिला घेऊन गेली. तपासायला पाठवू म्हणाली. तपासाचा निकाल आम्हाला कधीच कळला नाही.

त्याच सकाळी अव्वा बाहेर आल्या. तीन दिवस त्यांनी नवऱ्याला विनवले होते, रडल्या होत्या, कुलदैवताची शपथ घातली होती. त्या दिवशी त्या रडत नव्हत्या. मी जिन्यात उभी होते. उरलेली तीन कुत्री फाटकापाशी बसून भिंतीवरच्या डब्याकडे पाहत होती. अव्वांनी त्या डब्याकडे बोट केले.

"हे बघा. तुम्ही मेला तर मी त्याला हात लावणार न्हाय. मटणवाल्याच्या दारात मी जाणार न्हाय. ही तिघं भाकरी खाऊन ऱ्हातील. बिस्किटं घालीन मी त्यास्नी."

अप्पांनी मान वर केली.

"बिस्किटं घालशील?"

"पुडंच्या पुडं आणून घालीन. शिजल्याली हाडं बी घालीन. बघायला तुम्ही हाय कुठं?"

त्या जे बोलल्या ते त्या करतील, याविषयी कुणालाच शंका नव्हती. अप्पांनी तिघांकडे पाहिले. मग नळाखाली जाऊन अंघोळ केली, विभूती लावली, आणि जिन्याच्या तळाशी येऊन म्हणाले, "बाई, तुमची चौथी सुई हाय न्हवं आज? चला."

रांगेत ते माझ्या पुढे उभे होते. सदरा वर करायला त्यांना दोनदा सांगावे लागले. भट्टीतला तप्त रस ओतलेला मनुष्य एका सुईला भितो, हे पाहून मला बरे वाटायला हवे होते. पण माझेच भय दुप्पट झाले. त्यांना तीन दिवस उशीर झाला होता. मी डॉक्टरांना बाजूला विचारले, उशीर झाला तर काय? ते म्हणाले, आता दिवसच सांगतील. किती दिवस? बहुधा काही महिने. क्वचित वर्ष, त्याहूनही अधिक.

दोघांच्याही चौदा-चौदा सुया संपल्या आणि खरे भय सुरू झाले.

सुया संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाच्या फेरीनंतर, अप्पा जिन्याच्या तळाशी आले. हातात पाण्याने भरलेला पितळी पेला होता. मलाही पाणी घेऊन यायला सांगितले. मी वरच्या पायरीवर उभी राहिले. त्यांनी पेला तोंडाला लावला, मोठे घोट घेतले, रिकामा पेला उलटा करून दाखवला.

"गेलं," ते म्हणाले. "आता तुम्ही."

मी प्याले. गेले.

त्यानंतर हा आमचा नेम झाला. रोज. कधी माझा घोट सर्दीने अडला तर अप्पांचा चेहरा उतरे. कधी त्यांना ठसका लागला तर मी चार पायऱ्या खाली उतरून येई. या भयाविषयी आम्ही कधी एक शब्दही बोललो नाही. पुढच्या वर्षी लसीची गाडी आली, तेव्हा तिन्ही कुत्र्यांना मानेला धरून अप्पांनीच पुढे केले. आंबील मात्र चालू राहिली, वजडीही, सोमवारचा उपासही. वाळू बरोबरच होती, असे ते त्या माणसांना बजावीत. साच्याला वरून दाब कमी पडला एवढेच.

वर्ष पूर्ण झाले त्या सकाळी मी म्हणाले, अप्पा, झाले वर्ष. त्यांनी पेला तसाच धरून ठेवला. "मग काय झालं? प्या की."

आम्ही पीत राहिलो. सहा वर्षांनी माझी बदली संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत झाली, त्या दिवशीही, टेम्पोत सामान चढल्यावर, आम्ही प्यालो.

नंतरच्या गावी मी एकटी पीत असे. पहिला घोट घशाशी येतो तेव्हा क्षणभर मी थांबते. ही सवय अजून मोडलेली नाही. कधी अप्पांना फोन केला तर मी प्रकृती विचारीत असे, ते कुत्र्यांची प्रकृती सांगत.

एके सकाळी शाळेत फोन आला. पलीकडे अव्वा होत्या. अप्पा रात्री झोपेत गेले, म्हणाल्या. सत्त्याहत्तर वय होते. डॉक्टर म्हणतात हृदय. सांत्वनाचे चार शब्द मला मुखोद्गत होते, शिक्षिकेला ते असावेच लागतात. त्यांतला एकही आठवला नाही. फोन धरून मी एकच गोष्ट विचारली.

"अव्वा, काल पाणी पीत होते?"

त्यांना प्रश्नाचे नवल वाटले नाही.

"पीत हुते की," त्या म्हणाल्या. "पेला भरून प्याले. मग झोपले."